श्वासाची हजेरी

त्या दिवशी माझ्या खुर्चीत पोलीस खात्यातले एक निवृत्त साहेब तोंड उघडून बसले होते. दाढ अर्धी कोरून झालेली, गालात कापूस कोंबलेला, आणि मी "एक मिनिट हं" म्हणून बाहेर पॅसेजमध्ये गेले. मी दातांची डॉक्टर आहे. माणसाचं तोंड उघडं टाकून असं उठून जायचं नसतं, एवढी अक्कल मला आहे. पण फोन बघितल्याशिवाय माझा हात स्थिर राहिला नसता, आणि थरथरत्या हाताने दाढ कोरण्यापेक्षा हे बरं.

फोनवर एक हिरवी रेषा होती. वर चढायची, खाली उतरायची, परत चढायची. मी कोल्हापुरात, आणि आण्णा घाटाखाली वेंगुर्ल्याच्या पुढे, समुद्राकडच्या एका उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दुपारचे झोपलेले. ती रेषा म्हणजे त्यांचा श्वास. चार-पाच श्वास बघितले, जीव भांड्यात पडला, आत जाऊन दाढ भरली. पुढच्या पेशंटच्या वेळी परत तेच.

आण्णा म्हणजे माझे वडील, प्राध्यापक धनपाल शिरगुप्पे. पदार्थविज्ञान शिकवण्यात जन्म गेला. कॉलेजात त्यांचा दरारा एकाच गोष्टीचा: मित्राच्या नावाला "हजर सर" म्हणणारा पोरगा ते पाठमोरे असताना नुसत्या आवाजावरून पकडायचे. आई गेल्यावर वर्षाच्या आत त्यांनी घर भाड्याने दिलं आणि कॅम्परव्हॅन घेतली. लोक गाडीघर म्हणतात. किनाऱ्याचा नवा रस्ता झाल्यापासून निवृत्त माणसांना या गाडीघरांचं वेडच लागलंय. आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, छतावर सोलर, की निघाले.

आता सत्तरीला टेकलेला एकटा माणूस, त्यात आण्णांना झोपेत श्वास अडकायचा आजार. घोरता घोरता एकदम शांत व्हायचे आणि मग गुदमरून दचकायचे. डॉक्टरांनी नाकावर मास्क लावून झोपायला सांगितलेलं. मास्कला नळी, नळीला एक यंत्र, यंत्रात छोटा पंखा. तो हवा आत ढकलत राहतो आणि घसा मिटू देत नाही. यंत्र विजेवर, आणि गाडीघरात वीज बॅटरीची. म्हणजे बॅटरी संपली की आण्णांचा घसा मिटणार, असं माझं साधं गणित. मी म्हटलं, जायचं तर जा, पण बॅटरीवर नजर माझी राहील. ते लगेच कबूल झाले. त्यांना वाटलं, पोरगी टक्के बघत बसेल, बसू दे.

गाडीघरात बॅटऱ्या दोन असतात. एक इंजिनची, गाडी चालू करायला. दुसरी घरची, दिवे, पंखा, पंप, फ्रिज सगळं तिच्या जिवावर. ऊन पडलं की किंवा गाडी चालली की ती भरते, नाहीतर उतरत जाते. पूर्वी व्होल्टेज बघून तिच्यात किती उरलं याचा अंदाज करायचे आणि तो हमखास चुकायचा. मग बॅटरीच्या ऋण टोकाला धातूची जाड पट्टी बसवायला लागले. येणारी-जाणारी सगळी वीज त्या पट्टीतूनच जाते, त्यामुळे टाकीच्या नळाला मीटर बसवल्यासारखं होतं: किती आली, किती गेली, बाकी किती. इथवर जुनंच.

आमची डबी, तिचं नाव 'सोबत', याच्या पुढची होती. किती वीज गेली यावर ती थांबत नाही. कशी गेली ते बघते, सेकंदाला हजारो वेळा. पंप सुरू होताना एक झटका घेतो, फ्रिज वेगळा, इंडक्शन शेगडी ठरावीक तालात वीज ओढते. प्रत्येकाचा ठसा निराळा. महिनाभरात डबी घरातल्या सगळ्या वस्तू ओळखायला लागते. तिने आण्णांचा दिनक्रमसुद्धा ओळखला होता. आम्ही जैन, आण्णांनी जन्मात दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घातलेला नाही. डबीला धर्म कुठला कळायला, पण पहिल्याच महिन्यात तिने कळवलं की या घरात सूर्यास्तानंतर स्वयंपाक होत नाही. मी आणि माझा नवरा अभिनंदन खूप हसलो होतो.

मग डबी बनवणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी लक्षात आलं की मास्कच्या यंत्रातला पंखा एकसारखी वीज घेत नाही. झोपलेला माणूस श्वास ओढतो तेव्हा पंख्याला जरा जास्त काम पडतं, सोडतो तेव्हा कमी. फरक अगदी बारीक, पण डबीला दिसतो. बॅटरी मोजता मोजता श्वास दिसायला लागला. एका सकाळी माझ्या फोनवर प्रश्न आला, श्वासरेषा दाखवायची का? मी 'होय' दाबलं. आण्णांना विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंसुद्धा नाही, खरं सांगते.

तिथून माझं डोकं फिरलं. आधी मी सकाळ-संध्याकाळ टक्के बघायची, आता तासातासाला श्वास. भाजी निवडताना फोन, सिग्नलला फोन, नणंदेच्या डोहाळजेवणात ओटी भरताना पदराखाली फोन. अभिनंदन पहिल्यांदा चेष्टा करायचा, की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीसुद्धा तू माझ्याकडे इतकी बघितली नाहीस. नंतर चेष्टा बंद झाली आणि तो उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेला. मी त्याला थांबवलं नाही, कारण तो गेल्यावर फोनचा उजेड मोठा ठेवता यायला लागला. इतकी मी वाया गेले होते.

आण्णांना हे कळलं ते माझ्याच तोंडून. फोनवर बोलता बोलता मी म्हणून गेले की काल पहाटे तुमची झोप नीट झाली नाही. तुला कसं कळलं, म्हणाले. मग सगळं सांगावं लागलं. आधी त्यांच्यातला प्राध्यापक खूश झाला, सेकंदाला किती वेळा मोजते, गोंगाट कसा गाळते, सगळं खोदून विचारलं. 

"म्हणजे आता झोपेतसुद्धा मी परीक्षेलाच बसलोय म्हण," शेवटी म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांचे फोन कमी झाले. मी केला तर दोन वाक्यं. जेवलो, बरा आहे. मला त्याचं फार लागलं नाही, खोटं कशाला बोलू. माझ्याकडे रेषा होती. बाप बोलत नसला तरी श्वास घेतोय, एवढं मला दिसत होतं.

मे महिना लागला आणि रेषा बदलली.

आधी वाटलं, उकाड्याने झोप मोडत असेल. पण रोज तेच. श्वास लहान सुरू व्हायचा, मोठा मोठा होत जायचा, मग परत लहान लहान होत थांबायचा. थोडा वेळ सपाट, की परत लहानापासून सुरुवात.  डॉक्टर मोमीन म्हणून माझे अकरावी-बारावीपासूनचे मित्र आहेत, हृदयाचे डॉक्टर. रेषा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरला आणि ती पुढेमागे करून नीट बघितली. मग समजावून सांगितलं. हृदय थकलं की रक्त मेंदूपर्यंत उशिरा पोचतं. त्यामुळे शरीरात हवा किती आहे याची खबर मेंदूला शिळी मिळते. कमी पडली असं वाटून तो श्वास वाढवत नेतो, आणि जास्त झाली हे कळेपर्यंत फार झालेली असते, म्हणून थांबवतो. ही नक्षी त्याची आहे. पाय सुजलेत का विचार, आणि त्यांना लवकर घेऊन ये, म्हणाले. लवकर म्हणजे या आठवड्यात.

मी तिथूनच आण्णांना फोन लावला. ते चक्क हसले. म्हणाले, काल सड्यावरून खाली समुद्रापर्यंत उतरलो आणि न थांबता चढून आलो. वजन उतरलंय, कंबरेचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. हृदय थकलेला माणूस असा असतो का?

रात्रभर रेषा तशीच. दुसऱ्या दिवशी मी परत फोन केला आणि मोमीन जे म्हणाले ते शब्दन् शब्द सांगितलं. या वेळी आण्णा हसले नाहीत. इतका वेळ गप्प राहिले की फोन कटला की काय वाटलं. मग घाईघाईने म्हणाले, तुझी डबी चुकत असेल, आणि इथे रेंज नाही, ठेवतो. रेंज नाही कशी? डबी त्याच रेंजवर मला रेषा पाठवत होती. तिसऱ्यांदा केला तो त्यांनी उचललाच नाही.

मग मी काय केलं ते सांगते. डबीच्या ॲपमध्ये पालकाला, म्हणजे मला, एक अधिकार होता: वाहन रोखा. म्हातारं माणूस भ्रमात गाडी घेऊन कुठेतरी जाऊ नये म्हणून ती सोय. दाबलं की उभी गाडी परत सुरू होत नाही. मी दाबलं. थकलेलं हृदय घेऊन हा माणूस घाटात गाडी चालवणार नाही, आणि गाडी सुरू झाली नाही की चिडून का होईना मला फोन करेल, असा माझा हिशेब. बाप शिक्षक असला की पोरीही शिस्त लावायला शिकतात.

फोन आला नाही. चावी फिरवल्याची नोंद ॲपमध्ये दिसली, तरी त्यांनी मला विचारलं नाही. आणि वर मळभ आलं. हल्ली मे महिन्यात चार-चार दिवस आभाळ भरून राहतं, पाऊस नाही न् ऊन नाही. सोलर थंड पडलं. गाडी जागची हलेना म्हणून इंजिनकडूनही भर नाही. घरची बॅटरी उतरायला लागली. साठ, पंचेचाळीस, तीस. आता मी रेषा बघू की टक्के बघू? आण्णा एवढी वीज कशाला जाळतायत म्हणून शेवटी उपकरणांचं पान उघडलं, जे मी रेषेच्या नादात किती दिवस उघडलंच नव्हतं.

इंडक्शन. संध्याकाळी साडेसात-आठला. काल, परवा, त्याच्या आदल्या दिवशी. जवळजवळ तीन आठवडे, रोज, दिवस मावळल्यावर त्या गाडीत कुणीतरी स्वयंपाक करत होतं.

आण्णा ते करणं शक्य नव्हतं. आई गेली त्या दिवशीसुद्धा, स्मशानातून यायला अंधार पडला म्हणून ते पाणी पिऊन झोपले होते. मग कोण? मी बाई आहे, माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल ते सांगायला नको. कुणीतरी बाई आहे. माझ्या आईला जाऊन धड दोन वर्षं झाली नाहीत, आणि कुणीतरी बाई आण्णांच्या गाडीत पातेलं ठेवतेय. म्हणून फोन उचलत नाहीत, म्हणून कोल्हापूरला यायला नको. हृदय थकलंय ते थकलंयच, वर हे. सकाळचे दोन पेशंट कसेबसे उरकले, बाकीच्यांना परत पाठवलं आणि गाडी काढली. अभिनंदन म्हणत होता मी येतो. मी नको म्हटलं. मला भांडायचं होतं, आणि जावयासमोर बापाशी भांडता येत नाही.

आजऱ्यापर्यंत मी मनातल्या मनात त्या बाईला बरंच काही बोलून घेतलं. आंबोलीला चहाला थांबले. दुपार झालेली, आण्णांच्या झोपेची वेळ. फोन बघितला. बॅटरी सहा टक्के. वीज वाचवायला गाडीतला पंखा डबीने कधीच बंद केला होता, फ्रिजही. शेवटपर्यंत चालू ठेवायचा तो मास्क. रेषा मोठी होत गेली, मग लहान, लहान, आणि थांबली. मी थांबले. आता सुरू होईल. रोज होते. झाली नाही. सपाट. मग रेषाच गेली आणि पडद्यावर अक्षरं आली, संपर्क नाही.

श्वास थांबला की बॅटरी थांबली? डबी त्याच बॅटरीवर चालते. बॅटरी संपली तरी पडदा असाच दिसणार, आणि माणूस गेल्यावर बॅटरी संपली तरी असाच. सांगायला कुणी नाही. आणि बॅटरी संपली असेल तर ती मीच संपवली होती. गाडी रोखली नसती तर आण्णा दोन दिवसांत एकदा तरी बाजाराला गेले असते, तासाभरात पुरेशी भर पडली असती. माझ्या नजरेखाली, माझ्याच हाताने. आंबोलीचा घाट मी कसा उतरले ते मला आठवत नाही. आई गं, आई गं, एवढंच तोंडात होतं.

सड्यावर पोचले तर गाडीघर एका कौलं उतरवलेल्या घराशेजारी उभं, आणि त्याच्या अलीकडे, करवंदीच्या जाळीत हात घालून, डोक्याला पंचा बांधलेले आण्णा. जिवंत. काळेभोर झालेले, सडसडीत, हातात करवंदांनी भरलेला द्रोण. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. मी गाडीतून उतरून त्यांच्या दंडावर चापट्या मारल्या, लहानपणीसुद्धा कधी मारल्या नव्हत्या तशा, आणि मग मला रडू कोसळलं. त्यांनी द्रोण खाली ठेवला. मला जवळ घेतलं नाही. ते गाडीघराकडे बघत होते.

"तुम्ही इथे आहात," मी म्हटलं, "मग मास्क लावून आत कोण झोपलंय?"

त्यांनी सांगितलं, आणि सांगताना खाली बघत होते. शेजारचं घर इनास फर्नांडिसचं. जन्म बोटीवर खलाशांचं जेवण रांधण्यात गेला, लग्न केलं नाही, आता एकटा. पावसाळ्यापूर्वी घर शाकारायला काढलं, कौलं उतरवली आणि गवंडी दुसऱ्याच्या कामावर पळाला, त्यामुळे त्याला झोपायला छप्पर नाही. इकडे आण्णांना मास्क नको झालेला आणि माझी नजर त्याहून नको झालेली. त्यांना उघड्यावर, खाटेवर, आकाशाखाली झोपायचं होतं. वजन उतरल्यावर कुशीवर झोपलं की श्वास अडकत नाही, असा त्यांचा स्वतःचा शोध. पण यंत्र बंद दिसलं तर मी धावत येणार. मग दोघांनी मिळून सोय केली. इनासने आत झोपायचं, मास्क लावायचा. डबीला फक्त श्वास कळतो, कुणाचा ते कळत नाही. बदल्यात इनासने संध्याकाळी आत आपली पेज शिजवावी. मासळी मात्र गाडीत नाही, ही आण्णांची अट.

जन्मभर दुसऱ्याच्या नावाने हजेरी लावणाऱ्या पोरांना पकडलं आणि सत्तराव्या वर्षी स्वतःच्या श्वासाची हजेरी दुसऱ्याकडून लावून घेतली. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते. पण मी मोमीनना दाखवलेली नक्षी डोळ्यांसमोरून जात नव्हती. ती नक्षी खोटी नव्हती. फक्त नाव चुकलं होतं.

मी गाडीघरात शिरले. आत भट्टी तापलेली. इनासकाका पलंगावर आडवे नव्हतेच. मास्क काढून टाकलेला, पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ते श्वास ओढत होते. आडवं झालं की बुडल्यासारखं होतं, म्हणाले. मी खाली बसून त्यांच्या सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"माका काय जाला नाय गो," ते म्हणाले. "उकाड्यान होता असा."

मी त्यांना माझ्या गाडीत पुढे बसवलं, पाठ सरळ राहील अशी. आण्णा मागे बसून त्यांचे खांदे धरून होते. गाडीघर तिथेच सोडलं, दार लावायचंही सुचलं नाही. सावंतवाडीच्या दवाखान्याची वाट धरली. मी एक डोळा रस्त्यावर आणि एक इनासकाकांच्या छातीवर ठेवून चालवत होते.

दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं, ऑक्सिजन लावला, अंगात साठलेलं पाणी उतरायची इंजेक्शनं दिली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणखी दोन दिवस गेले असते तर काही सांगता आलं नसतं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मला आण्णांना एकच विचारायचं होतं. पहिल्यांदा हसलात ते ठीक. दुसऱ्यांदा गप्प का झालात?

त्यांनी डोक्याचा पंचा काढून मांडीवर ठेवला आणि घडी करत बसले.

"दुसऱ्यांदा मला कळलं होतं, चंदना. माझं हृदय धडधाकट आहे, मग ही रेषा कुणाची? त्याला काय पदार्थविज्ञान लागतं होय? पण इनासला सांगायचं म्हणजे तुला कळणार. तुला कळलं की तू मला परत नेणार. म्हटलं, त्याच्या घराची कौलं बसू देत, मग सांगू. चार दिवस गेले. त्याला दम लागताना मला दिसत होता, आणि मी करवंदं तोडत होतो."

मला त्यांचा इतका राग आला की हात उचलून त्यांच्या पाठीवर ठेवावा असं वाटत असूनही ठेवला नाही. आणि त्याच वेळी मला माझा अंगठा दिसत होता, वाहन रोखा वर दाबलेला. त्यांना नजरेतून सुटायचं होतं म्हणून त्यांनी एका माणसाला ढालीसारखा पुढे केला. मला नजर सोडवत नव्हती म्हणून मी त्याची हवा बंद पाडली. कोण कुणाला काय बोलणार? म्हटलं, वाहन मी रोखलं होतं, म्हणून बॅटरी संपली. त्यांनी मान हलवली. 

दोन दिवसांत इनासकाकांच्या अंगातलं पाणी उतरलं. उशांना टेकून बसले, पेज मागितली. मी त्यांना सगळं सांगितलं. डबी काय, रेषा काय, आणि तीन आठवडे मी त्यांचा श्वास आण्णांचा समजून बघत होते तेही. माफी मागितली. न विचारता माणसाची झोप बघायची नसते, हे मला फार उशिरा कळलं, असं मी म्हटलं. ते चिडतील अशी माझी तयारी होती.

ते छताकडे बघत राहिले. मग विचारलं, "दिसाक किती येळा बघी होतंस?"

"मोजलं नाही, काका. सारखीच बघायची. पेशंटची तोंडं उघडी टाकून बघायची."

"रातीचा पण?"

"रात्रीसुद्धा."

त्यांनी चादरीने डोळे पुसले. "आवस गेल्यापासून माका कोण असा बघूक नाय, चेडवा," म्हणाले. आवस म्हणजे आई. मग थोड्या वेळाने, जरा लाजत, "आता बंद करतलंस काय तां?"

 आण्णा खिडकीशी उभे होते, त्यांनी आमच्याकडे पाठ केली. मी फोन काढला, ॲपमध्ये आण्णांचं नाव होतं ते पुसलं आणि इनासकाकांना दाखवून, त्यांना विचारून, त्यांचं नाव घातलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मास्कचं यंत्र नव्याने जुळवून दिलं होतं. डबी त्यांच्या घरी बसवून द्यायचं आण्णांनी कबूल केलं. कौलंही आपणच उभं राहून बसवून घेऊ, म्हणाले. श्वास बिघडला की तो सावंतवाडीत डॉक्टरीणबाईंना आणि कोल्हापुरात मला, दोघींना दिसणार होता.

निघताना आण्णा माझ्या गाडीपर्यंत आले. कुशीवर झोपणं पुरेसं आहे की नाही ते डॉक्टरांकडून एकदा तपासून घेतो, हे त्यांनी आपणहून सांगितलं. 'वाहन रोखा' काढून गाडीघर मी मोकळं केलं होतं. तरी ते खिडकीला हात लावून उभेच.

"म्हणजे आता माझं तू काही बघणार नाहीस?"

"नाही," मी म्हटलं. "तुमचं तुम्ही बघा."

हे त्यांना हवं होतं, वर्षभर हवं होतं, आणि ऐकल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला क्षणभर वाटलं, मागे घ्यावं. घेतलं नाही. घाट चढताना दोनदा हात फोनकडे गेला. तिथे बघण्यासारखं आता आण्णांचं काहीच नव्हतं. घरी पोचल्यावर अभिनंदनने विचारलं, कसे आहेत आण्णा? मला माहीत नाही, म्हणून सांगितलं. किती दिवसांनी असं उत्तर दिलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उजाडता उजाडता फोन वाजला.

"उठलो गं," आण्णा म्हणाले. "एवढंच सांगायचं होतं."